‘मंद लहर’ म्हणजे नेमकं काय मंद? एका शब्दामागची पार्श्वभूमी

गाढ झोपेतल्या मेंदूच्या लहरींना ‘मंद लहर’ हे नाव चिकटलं ते तिच्या ठेक्यावरून. सेकंदाला फार तर एकदा-दोनदा वर-खाली होते, म्हणून मंद. ती मेंदूवरून किती वेगाने सरकते, याचा त्या नावाशी काहीही संबंध नव्हता. आज मात्र या लहरींच्या चित्रफिती काढल्या जातात आणि त्यांवर गणिताने बाण काढून वेग मोजला जातो. त्यामुळे ठेका आणि चाल या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात येऊन बसल्या आहेत.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख 1929 मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झाला. 1936 मध्ये इंग्लंडमध्ये मेंदूतल्या गाठींच्या आसपास मंद लहरी सापडल्या आणि त्यांना ‘डेल्टा’ म्हटलं गेलं. म्हणजे हा शब्द मुळात आजाराच्या खुणेसाठी आला, झोपेसाठी नंतर वापरला गेला. 1968 च्या नियमावलीने झोपेची मंद लहर आकड्यांत बांधली: सेकंदाला 2 आवर्तनं किंवा त्याहून कमी, आणि उंची 75 मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त. आलेखाच्या एका पानात अशा लहरी 20 ते 50 टक्के असतील तर झोपेची तिसरी पायरी, त्याहून जास्त असतील तर चौथी. 2007 मध्ये या दोन्ही पायऱ्या एक केल्या गेल्या.

खरी गुंतागुंत 1993 पासूनची. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये भूल दिलेल्या मांजरांच्या मेंदूत सेकंदाला एकापेक्षाही कमी आवर्तनांचं आंदोलन सापडलं. असंख्य चेतापेशी एकदम जाग्या होतात, मग एकदम गप्प बसतात. इतकी संथ हालचाल नेहमीच्या आलेखयंत्रांच्या फिल्टरमध्येच बरीचशी कापली जायची. त्यानंतर काही जण 1 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला एका आवर्तनाच्या) खालचं ‘मंद आंदोलन’ आणि 1 ते 4 हर्ट्झचा ‘डेल्टा’ वेगळे मोजू लागले, तर काहींनी सगळं एकाच टोपलीत घातलं. दोन शोधनिबंध एकच शब्द वापरतात आणि वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतात, असं आजही घडतं.

मग चालीचा प्रश्न आला. 2004 मध्ये झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर 256 इलेक्ट्रोड लावून दाखवण्यात आलं की बहुतेक लहरी कपाळाच्या बाजूने उठतात आणि मागे जातात, सेकंदाला 1.2 ते 7 मीटर वेगाने. उंदरात, मेंदूच्या पृष्ठभागाचं थेट चित्रण केलं की वेग येतो सेकंदाला काही दहा मिलिमीटर. शंभरपट फरक! कवटीवरून मोजताना संकेत पसरट होतो आणि माणसाच्या मेंदूत लांब तंतूंमधून उड्याही पडतात. त्यातच 1944 मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने वर्णन केलेली, मिनिटाला जेमतेम 3 मिलिमीटर सरकणारी लहर आहे, जी अर्धशिशीशी जोडली जाते. चालीने खरी मंद तीच, पण झोपेच्या लहरीशी तिचं नातं नाही. 2011 मध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या आत बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून दिसलं की झोपेतल्या बऱ्याचशा मंद लहरी एखाद्या भागापुरत्याच असतात. साऱ्या मेंदूवरून वाहत जाणाऱ्या लाटेचं चित्र त्यामुळे बरंच आखडलं.

म्हणूनच वेग मोजायच्या गणिताकडे नीट पाहावं लागतं. गणपतीच्या मंडपावरची पळती माळ आठवा. प्रकाश पळतो, दिवा जागचा हलत नाही. मेंदूचंही तसंच. चित्रफितीतली हालचाल बाणांनी मोजणाऱ्या ‘ऑप्टिकल फ्लो’च्या दोन प्रसिद्ध पद्धती 1981 मध्ये अमेरिकेतून आल्या, त्या मात्र कॅमेऱ्यासमोर खरोखर हलणाऱ्या वस्तूंसाठी. त्यांचं पहिलं गृहीतक असं की ठिपका सरकतो, पण त्याचा उजेड बदलत नाही. शिवाय एका ठिपक्यावरून फक्त कडेशी काटकोनात जाणारा वेग कळतो. उरलेला भरून काढायला एक पद्धत शेजारचे बाण सारखे असावेत असं धरते, दुसरी छोट्या खिडकीपुरता वेग एकच मानते.

आता उंदराची चित्रफीत घ्या. सेकंदाला 25 चौकटी, आणि 5 मिलिमीटरचा पट्टा सेकंदाला 25 मिलिमीटरच्या वेगाने ओलांडणारी लहर. सगळा प्रवास 5 चौकटींत संपतो. चेतापेशी जागी झाली की चमकणारं प्रथिन अशा चित्रणासाठी वापरतात; ते झपकन उजळतं आणि सावकाश विझतं, त्यामुळे लहरीचा पुढचा काठ भरवशाचा आणि शेपूट फसवं. सगळा भाग एकाच वेळी, पण कमीजास्त प्रमाणात उजळला तर काहीही सरकलेलं नसतं. तरी सूत्र बाण काढून देतंच, आणि शेजाऱ्यांशी जुळवून घेतल्यामुळे ते बाण सुबक दिसतात.

2017 आणि 2018 मध्ये मेंदूच्या चित्रणासाठी या पद्धतींची तयार साधनं आली. काहींनी उजेडाऐवजी आंदोलनाची कला, म्हणजे फेज (आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर ते आहे), वापरली. एकाच वेळी उजळण्याचा घोळ त्याने बराच कमी होतो. पण फेजचं गणित गोल, नियमित आंदोलनाला शोभतं, आणि मंद लहर तशी नसते: झटकन चढ, मग लांबलचक शांतता.

माझा कल तिसऱ्या, साध्या वाटेकडे आहे. प्रत्येक पिक्सेल कोणत्या क्षणी वर चढला तेवढंच नोंदवायचं, त्या क्षणांचा नकाशा करायचा आणि नकाशाच्या उतारावरून वेग काढायचा. जिथे सगळे पिक्सेल एकदम चढले तिथे उतार शून्य होतो आणि वेग अनंताकडे पळतो. ही पद्धतीची अडचण समजली जाते. मला ती तिची खरी मदत वाटते, कारण इथे काही वाहिलंच नाही हे ती उघड सांगते. युरोपात 2013 ते 2023 चाललेल्या मोठ्या मेंदू-प्रकल्पातून तयार झालेली विश्लेषण-साखळी अशा पद्धतींना सुट्या कड्यांसारखी अदलाबदल करू देते. तीच चित्रफीत कमी पिक्सेलांत आखडून पुन्हा मोजली, की वेगाचा आकडा किती हलतो हेही तिथे तपासता येतं.