"हे तर गोऱ्यांचं म्युझिक ना?" पंक, स्किनहेड आणि ब्लॅक लोकांची मागची गोष्ट

पंकच्या किंवा मेटलच्या (रॉक संगीताचे हे दोन दणदणीत, आक्रमक प्रकार) कार्यक्रमात एखादी ब्लॅक मुलगी दिसली की आजूबाजूच्या गोऱ्यांच्या नजरेत "ही इथे कशी काय" असं असतं, आणि तीच मुलगी ते जाड बूट आणि नाकातली रिंग घालून घरी गेली की वस्तीतले म्हणतात "हे गोऱ्यांचं फॅड तुला कशाला". म्हणजे दोन्हीकडे परकीच. हे माझ्या फार मनाला लागतं, कारण जरा मागे जाऊन बघितलं तर हे घर बांधायला ब्लॅक लोक पहिल्यापासून होते, दारावरची पाटी नंतर बदलली गेली.

पाटीचंच सांगायचं तर अमेरिकेतलं बिलबोर्ड मासिक 1949 पर्यंत ब्लॅक संगीताच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीला सरळ 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचं, त्या वर्षी ते बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं, पण यादी वेगळी ती वेगळीच राहिली. सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चमध्ये भक्तिगीतं गाणारी बाई, एल्विस वगैरे यायच्या कितीतरी आधी इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन रॉक वाजवत होती. 1964 मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा कार्यक्रम झाला, नुकताच पाऊस पडून गेलेला, ती ओल्या प्लॅटफॉर्मवर कोट घालून गिटार वाजवतेय आणि रुळांच्या पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर इंग्लिश पोरं बसून ऐकतायत, त्याचं टीव्हीसाठी केलेलं शूटिंग आजही बघायला मिळतं, नक्की बघा. 1973 मध्ये ती गेली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं 2018 मध्ये.

पण सगळ्यात विचित्र गोष्ट स्किनहेड लोकांची आहे. आज स्किनहेड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टक्कल केलेला नाझी येतो. मूळ गोष्ट अशी की 1948 मध्ये विंडरश जहाज आलं आणि त्यानंतर जमैकातून बरीच कुटुंबं ब्रिटनला आली, त्यांची पोरं 'रूड बॉय' म्हणवून घ्यायची, बारीक कापलेले केस, आखूड पँट, कडक इस्त्रीचे कपडे, आणि कानात स्का, म्हणजे जमैकातलं नाचायचं संगीत. शेजारच्याच गल्लीत राहणाऱ्या गोऱ्या कामगारांच्या पोरांना ही ऐट आवडली, त्यांनी त्यात कारखान्यातले बूट आणि गॅलिस मिसळले आणि 1969 च्या सुमारास स्किनहेड तयार झाला. त्याच वर्षी जमैकाच्या डेस्मंड डेकरचं गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, आणि ते तिथवर नेण्यात ह्या पोरांचा मोठा वाटा होता.

मात्र लगेच सगळं गोड गोड होतं असं समजू नका. 1968 मध्येच ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेलने बर्मिंगहॅमला बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं, आणि रात्री जमैकन गाण्यांवर नाचणाऱ्या ह्याच पोरांपैकी काही जण भारतीय-पाकिस्तानी माणूस एकटा दिसला की त्याला गाठून मारायचे. पुढे सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंट ह्या कट्टर उजव्या, वर्णद्वेषी पक्षाने अशी पोरं हेरून आपल्यात ओढली आणि ज्या पोशाखाचा अर्धा भाग ब्लॅक पोरांचा होता तोच पोशाख ब्लॅक लोकांना घाबरवायचा युनिफॉर्म झाला. 3 जुलै 1981 ला लंडनच्या साउथॉलमध्ये, म्हणजे पंजाबी लोकांच्या भर वस्तीत, एका पबमध्ये स्किनहेड बँडचा कार्यक्रम ठेवला, बस भरभरून पोरं आली, दुकानांवर हल्ले झाले, आणि तिथली आपली तरुण पोरं रस्त्यावर उतरली आणि त्या रात्री तो पब जळून खाक झाला.

मधल्या काळात पंक आलेलं होतं. 1977 मध्ये लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये रेकॉर्ड लावायचं काम डॉन लेट्सकडे होतं, जमैकन आईबापांचा मुलगा, तेव्हा पंकच्या रेकॉर्ड फारशा निघालेल्याच नव्हत्या म्हणून दोन बँडच्या मधल्या वेळात तो सरळ रेगे (हेही जमैकाचंच संगीत) लावायचा आणि पंक पोरांच्या कानात ते असं बसलं. 1976 मध्ये प्रसिद्ध गोरा गिटारवादक एरिक क्लॅप्टन स्टेजवरून पॉवेलचं कौतुक करून मोकळा झाला, हाच माणूस दोन वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लीचं गाणं गाऊन अमेरिकेत एक नंबरला गेलेला! त्यावर चिडून काही लोकांनी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वर्णद्वेषाविरुद्धची चळवळ उभी केली. 30 एप्रिल 1978 ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये त्यांचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात पंक गायिका पॉली स्टायरीन गायली, वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, दातांना तारा, आणि आवाज असा की अंगावर काटा येतो. ब्रिटिश पंकमधल्या पहिल्या बायकांची नावं घेताना तिचं नाव मागे का राहतं हे मला कधीच पटलेलं नाही.

अमेरिकेत चित्र वेगळं. तिथे 1979 मध्ये समीक्षक लेस्टर बँग्जने व्हिलेज व्हॉइस ह्या साप्ताहिकात न्यूयॉर्कच्या पंक लोकांमधल्या वर्णद्वेषावर मोठा लेख लिहिला आणि त्यात स्वतःच्या तोंडी असलेले वर्णद्वेषी शब्दही लपवले नाहीत. त्याच सुमाराला वॉशिंग्टनचा बॅड ब्रेन्स हा बँड, चौघेही ब्लॅक, आधी जॅझ फ्यूजन (जॅझ आणि रॉकचं मिश्रण) वाजवणारे, इतकं वेगात वाजवायला लागले की हार्डकोर पंकची, म्हणजे पंकच्या आणखी वेगवान प्रकाराची, चालच ठरून गेली. तरी 1985 मध्ये ब्लॅक गिटारवादक व्हर्नन रीड आणि त्याच्या सोबत्यांना 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना काढावी लागली, कारण ब्लॅक माणसाने रॉक वाजवलं तर ते विकायचं कुठल्या कप्प्यात हेच कंपन्यांना कळत नव्हतं. 2003 मध्ये जेम्स स्पूनरने ब्लॅक पंक लोकांना शोधून शोधून डॉक्युमेंटरी केली, त्यातून 2005 मध्ये ब्रुकलिनला आफ्रोपंक फेस्टिव्हल सुरू झालं, आणि अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा आपल्यासारखी इतकी माणसं एका जागी बघितली.

आणि डेट्रॉइटचे हॅकनी भाऊ. डेव्हिड, बॉबी, डॅनिस, बँडचं नाव 'डेथ'. वडील अपघातात गेले, त्यानंतर डेव्हिडने हे नाव ठेवलं. वस्तीत सगळे फंक आणि सोल ऐकणारे, त्यांना हे काहीतरी भलतंच वाटायचं. 1975 मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली, मोठ्या कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस म्हणाला नाव बदला, डेव्हिड नाही म्हणाला, विषय संपला. 1976 मध्ये स्वतःच्या पैशाने 500 रेकॉर्ड काढल्या, त्या कोणी वाजवल्याच नाहीत. डेव्हिडने शेवटी टेप बॉबीकडे दिल्या, सांगितलं की लोक एक दिवस हे शोधत येतील, तेव्हा तुझ्याकडे असू दे. 2000 मध्ये तो कॅन्सरने गेला. टेप व्हरमाँटमध्ये बॉबीच्या घरी माळ्यावर पडून होत्या, पोरांनासुद्धा माहीत नव्हतं, आणि मग एका पोराने सॅन फ्रान्सिस्कोच्या पार्टीत कुणीतरी लावलेलं एक जुनं पंक गाणं ऐकलं, आणि त्यातला आवाज त्याच्या बापाचा होता. 2009 मध्ये ती गाणी एकदाची अल्बम म्हणून बाहेर आली, आणि त्याच्या थोडं आधीच बॉबीच्या पोरांनी बापाची आणि काकाची गाणी वाजवायला स्वतःचा बँड काढला होता.