धंद्यात ‘सुटतात’ म्हणजे किती?

जळगाव, शिरपूर, धुळ्याहून अभियांत्रिकी करून चाकण-भोसरीला गेलेला मुलगा आठ-दहा वर्षांनी नोकरी सोडतो, भाड्याच्या गाळ्यात मशीन लावतो आणि ‘वर्षाला १५ लाख सुटतात’ ही बातमी गावी पोचते.

नमुन्याचा हिशेब मांडू. वर्षाची बिलं ४८ लाख. माल, पगार, वीज, टूलिंग, भाडं ३३ लाख. उरले १५. मशीन ३० लाखांचं, आयुष्य १० वर्षं, म्हणजे घसारा ३ लाख. २० लाखांच्या कर्जावर १० टक्क्यांनी व्याज २ लाख. मशीनमध्ये घातलेले घरचे १० लाख मुदत ठेवीत असते तर ७ टक्क्यांनी ७० हजार मिळालेच असते, तेही वजा. हाती ९ लाख ३० हजार. (कर्जाची मुद्दल यात पुन्हा कापू नका, घसाऱ्यात ती आलीच. इथे भलेभले चुकतात.) आता तास बघा. आठवड्याला ७०, असे ५० आठवडे: ताशी सुमारे २६५ रुपये. ९ लाखांच्या नोकरीत ४८ तास धरले तर ताशी ३७५, शिवाय पीएफमधला मालकाचा वाटा वेगळा.

सरासरीचंही तसंच. पाच जणांची कमाई ४, ५, ६, ७ आणि ७८ लाख असेल तर सरासरी २० लाख येते. मधला माणूस मात्र ६ वर. आणि गाळा बंद करून पुन्हा नोकरी धरलेला तर मोजणीतच नसतो.

गाव सोडून गेलेलाच धंदा काढतो, असंही ऐकू येतं. अमेरिकेतल्या २००७च्या एका अभ्यासात १९९५ ते २००५ दरम्यान निघालेल्या अभियांत्रिकी-तंत्रज्ञान कंपन्यांपैकी सुमारे चौथाई कंपन्यांत किमान एक प्रमुख संस्थापक परदेशात जन्मलेला आढळला. म्हणून स्थलांतरिताच्या रक्तातच धंदा असतो, असं मानणं घाईचं. अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर, त्यासाठी अर्ज करणाऱ्या कंपनीतच राबावं लागतं आणि नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डात (कायम राहण्याच्या परवान्यात) एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडतो, त्यामुळे भारतीयांची रांग लांबच लांब. एवढ्या चाळण्यांतून उरलेल्याची तुलना सरसकट कुणाशीही करून चालत नाही. वय, पदवी, अनुभव सारखा असलेला स्थानिकच हवा.

इकडे नफ्यातला गाळाही उधारीने बुडतो. गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देतं, जीएसटी मात्र बिल फाडलं की पुढच्याच महिन्यात भरायचा. उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत देणं २००६च्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी पहिल्या बिलाआधीच उरकावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा.