स्वयंशोधन पद्धती (विज्ञानशिक्षण)

एखादी परिचित घटना समोर ठेवून तिचे कारण विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग, मापन व चर्चा करून शोधावे, अशी अध्यापनपद्धती. उत्तर आधीच ठाऊक असलेली प्रात्यक्षिके हिच्यात मोडत नाहीत.

पद्धतीचे जनकत्व सामान्यतः इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांना दिले जाते. साधारण १८८० च्या दशकापासून त्यांनी तिचा पुरस्कार केला. काही अभ्यासक अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या १९१० मधील प्रतिपादनापासून आरंभ धरतात. तिचा धागा अठराव्या शतकातील विचारवंत रूसोपर्यंतही नेला जातो, पण ते नाते वैचारिकच म्हणावे लागेल. ड्यूई यांचा भर विचारप्रक्रियेवर होता, तर आर्मस्ट्राँग यांनी शालेय प्रयोगशाळेतील पाठच आखले; त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य दिसते. १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ श्वाब व रॉबर्ट कार्प्लस यांनी या विचाराला नवी मांडणी दिली.

लोखंडाचे गंजणे हा आर्मस्ट्राँग यांचा आवडता विषय. त्यावरील आजचा सोपा पाठ असा : बारीक स्टील वूल (पोलादी तंतूंचा लोकरीसारखा पुंजका) काही मिनिटे व्हिनेगरमध्ये बुडवून तेलकट थर काढतात, पाण्याने धुऊन पिळतात व परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवतात. नळी पाण्याच्या चंचुपात्रात उपडी ठेवतात. शेजारी स्टील वूल नसलेली नळी तुलनेसाठी हवीच. गंजताना हवेतील ऑक्सिजन वापरला जातो, म्हणून एक-दोन दिवसांत पाणी हवेच्या स्तंभाच्या सुमारे एक-पंचमांश चढते. कमी चढले तर बहुधा व्हिनेगर नीट धुतलेले नसते : आम्लामुळे हायड्रोजन निर्माण होऊन जागा व्यापतो. नळीच्या आतली व बाहेरची पाण्याची पातळी जुळवल्याशिवाय घेतलेले वाचनही फसवे ठरते.

मेणबत्तीवर पेला उपडा घालण्याचा लोकप्रिय प्रयोग याला पर्याय नव्हे. तापलेली हवा बुडबुड्यांतून निसटते आणि उरलेली थंड होताना पाणी वर खेचले जाते. ऑक्सिजन पुरता संपण्याआधीच ज्योत विझते. मेणबत्त्या वाढवल्या की पाणी जास्त चढते, ही विसंगती मात्र वर्गाला शोधायला देण्याजोगी आहे.

शिक्षण-मानसशास्त्राचे अभ्यासक किर्श्नर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये या पद्धतीवर आक्षेप घेतला, की अत्यल्प मार्गदर्शनाने नवशिक्यांच्या कार्यकारी स्मृतीवर (विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर) अवाजवी ताण येतो. हा आक्षेप न मानणाऱ्यांच्या मते चांगल्या स्वयंशोधनात मार्गदर्शन असतेच. व्यवहारात आरंभी प्रश्न व कृती शिक्षक देतो, पुढे केवळ प्रश्न. अंदाज मात्र प्रत्येकाने प्रयोगापूर्वीच लिहून ठेवायचा असतो.