सातारा–कोल्हापूर यादवी

मराठी राज्याच्या गादीवरून छत्रपती शाहू आणि महाराणी ताराबाई यांच्या पक्षांत झालेला सशस्त्र संघर्ष (सु. १७०७–३१). त्यातून सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर झालेल्या सत्तांतराशीच हा संघर्ष संपला, असे काही अभ्यासक मानतात. परंतु त्यानंतरही दोन्ही बाजूंच्या फौजा वारणेच्या काठी समोरासमोर येत राहिल्या. त्यामुळे तो वारणेच्या तहापर्यंत चालला, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजारामांनी जिंजीहून व नंतर साताऱ्याहून राज्य चालवले. १७०० मध्ये ते सिंहगडावर निवर्तले, तेव्हा त्यांच्या पत्नी ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून औरंगजेबाविरुद्धचे युद्ध सात वर्षे नेटाने चालवले. त्यांचा दावा याच काळावर उभा होता. संभाजीराजांचे राज्य बुडाले, आताचे राज्य राजारामांनी व आपण नव्याने मिळवले, सबब त्यावर शाहूंचा हक्क नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शाहूंची बाजू थोरल्या शाखेच्या वारसाची. दोन्ही दावे त्या काळच्या समजुतीने टिकणारे होते, म्हणूनच सरदारांना पक्ष निवडणे अवघड गेले आणि पुढे सोयीचेही झाले.

शाहूंची सुटका कशी झाली, यावर मतभेद आहेत. औरंगजेब फेब्रुवारी १७०७ मध्ये (नव्या पद्धतीने ३ मार्च) भिंगारजवळ मरण पावला. शाहजादा आझम गादीसाठी उत्तरेकडे निघाला, तेव्हा शाहू त्याच्या छावणीतच होते. भोपाळजवळील दोराहा येथे मे १७०७ मध्ये ते छावणीबाहेर पडले. मोगल इतिहासकार खाफीखानाच्या सांगण्यानुसार मोगल सरदार झुल्फिकारखानाच्या मध्यस्थीने आझमने त्यांना सोडले. दुसऱ्या मतानुसार रीतसर फर्मान निघालेच नाही. शाहू निघून गेले व त्यांचा पाठलाग झाला नाही. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखी (वर आणखी दहावा हिस्सा) याच वेळी कबूल झाली, असे बखरकार सांगतात. हे जपून घ्यावे लागते: साताऱ्याच्या बखरी बऱ्याच उशिरा, गादीच्या आश्रयाने लिहिल्या गेल्या, आणि त्या हक्कांच्या प्रत्यक्ष सनदा १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणल्या. येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले होते, ही गोष्ट मात्र ‘पळून गेले’ या मताला बाधक आणि सशर्त सुटकेला पोषक आहे. मराठ्यांत दुही पडावी हा मोगलांचा हेतू होता, हे बहुतेकांना मान्य आहे. पण दुहीची सर्व जबाबदारी त्या एका डावावर टाकता येत नाही. ज्याने सोडले तो आझम महिन्याभरातच जाजऊच्या लढाईत मारला गेला, तरी यादवी पुढे दोन तपे चालली.

खानदेशात परसोजी भोसले, नेमाजी शिंदे आदी शाहूंना मिळाले. आलेला माणूस तोतया आहे, असे ताराबाईंनी जाहीर केले. तेव्हा परसोजींनी शाहूंच्या ताटात जेवून शंका फेडली, अशी परंपरा आहे. ताराबाईंनीही सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. शंकराजी नारायण सचिवांनी ती शपथ मोडवेना म्हणून देह ठेवला, असे सांगतात. भीमाकाठी खेड येथे ऑक्टोबर १७०७ मध्ये फौजा भिडल्या, पण निकाल आधीच ठरला होता: ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे वळले होते. ताराबाईंच्या पक्षाचे परशुरामपंत प्रतिनिधी साताऱ्याच्या किल्ल्यात शिरले. तेथील हवालदार शेख मिरा याचे कुटुंब वाईस होते. ते धरून शाहूंनी तोफेच्या तोंडी देण्याचा धाक घातला. शेख मिऱ्याने प्रतिनिधींनाच कैद करून किल्ला खाली केला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळा, रांगणा, मालवण अशा मागे हटल्या आणि पावसाळ्यानंतर पन्हाळ्यावर परतल्या.

पुढची काही वर्षे लढायांपेक्षा पक्षांतरांची आहेत. धनाजींचा पुत्र चंद्रसेन बाळाजी विश्वनाथाशी वैर धरून १७११ च्या सुमारास ताराबाईंकडे व तेथून निजामाकडे गेला. परशुरामपंतांचे एक पुत्र साताऱ्यात प्रतिनिधी झाले, तर दुसऱ्याच्या वंशाकडे कोल्हापूर राज्यातील विशाळगड राहिला. दोन्ही दरबारांत माणूस ठेवला की कोणतीही गादी आली तरी वतन सुटत नसे. फितुरीपेक्षा ही व्यवहारनीतीच म्हणावी, आणि यादवी लांबण्याचे तेच मुख्य कारण दिसते. बादशाह बहादुरशाहानेही १७०९ मध्ये दोन्ही वकिलांपैकी एकाचा पक्ष घेण्याचे टाळले. शाहूंचे पारडे जड झाले ते १७१३ मध्ये बाळाजी पेशवा झाल्यावर: त्याने कान्होजी आंग्र्यांशी तह केला आणि सरदारांना वसुलीचे मुलूख वाटून दिले. साताऱ्याची चाकरी त्यामुळे किफायतीची ठरली.

१७१४ मध्ये राजारामांची आणखी एक पत्नी राजसबाई हिच्या पक्षाने ताराबाई व शिवाजी यांना कैद करून तिचा मुलगा संभाजी (दुसरा) यास पन्हाळ्यास गादीवर बसवले. त्याने पुढे निजामाशी हातमिळवणी केली. पण पालखेडच्या (१७२८) पराभवानंतर निजामाने त्याची बाजू सोडली. १७३० मध्ये श्रीपतराव प्रतिनिधींनी वारणेकाठी त्याची छावणी लुटली, ताराबाई हाती लागल्या व साताऱ्यास राहिल्या. पुढील वर्षी दोन्ही छत्रपतींची कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या माळावर भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ रोजी तह झाला. वारणा व कृष्णेच्या दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे गेला. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा, व एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, अशीही कलमे होती. यांतले दुसरे कलम यादवीच्या मुळावर नेमके बोट ठेवते. मिरजेचे ठाणे शाहूंच्या वाट्यास आले, मात्र ते मोगलांकडून प्रत्यक्ष घ्यायला १७३९ उजाडले.

साताऱ्याची गादी १८४८ मध्ये डलहौसीने खालसा केली. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. वारणा आजही सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते.