छेद नसलेली नोंदवही

शरीरात बसवलेलं एखादं इम्प्लांट कंपनीने परत मागवलं, की अमेरिकेत इंटरनेटवर ‘पेशंट रजिस्ट्री’ नावाचे फॉर्म दिसू लागतात. नाव, फोन, शस्त्रक्रियेची तारीख आणि त्रास काय होतो ते भरा, एवढंच. घाबरलेल्या माणसाला ही वैद्यकीय नोंद वाटते. पुष्कळदा तो फॉर्म वकिलांना अशील मिळवून देण्यासाठी असतो. भरपाई मागणं हा रुग्णाचा हक्कच आहे, पण या कामाला रजिस्ट्री म्हणणं ही दिशाभूल आहे. मला तिची चीड येते, कारण खरी रजिस्ट्री काय करू शकते हे आपण पाहिलं आहे.

‘डीप्यू’ कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू फिरणारा कृत्रिम खुबा. त्याची वाटी उथळ होती. गोळ्याचा भार वाटीच्या कडेवर आला की मधला द्रवाचा पातळ थर तुटायचा, कोबाल्ट-क्रोमियमचे कण झडायचे आणि भोवतालच्या ऊतींना इजा व्हायची. ऑस्ट्रेलियात १९९९पासून सांधाबदलाची राष्ट्रीय नोंद ठेवतात. हा खुबा इतरांपेक्षा लवकर निकामी होतो, हे तिच्यात दिसलं. तिथे तो डिसेंबर २००९मध्ये मागे घेतला गेला, जगभरातून ऑगस्ट २०१०मध्ये. इंग्लंड-वेल्सच्या नोंदीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के खुबे पुन्हा शस्त्रक्रिया करून बदलावे लागले होते.

हे टक्के काढताना खरी मेहनत छेदाची, म्हणजे अपूर्णांकातल्या रेघेखालच्या आकड्याची असते. समजा, १,००० जणांना खुबा बसवला. पहिल्या वर्षी २० जणांचा बदलावा लागला, म्हणून टिकण्याचं प्रमाण ०.९८. आणखी ८० जण इतर कारणांनी वारले किंवा देश सोडून गेले. त्यांना ‘बिघडले’ म्हणता येत नाही आणि ‘टिकले’ही म्हणता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचा छेद ९००. त्यातले २७ बिघडले, प्रमाण ०.९७. दोन्हींचा गुणाकार ०.९५०६, म्हणजे दोन वर्षांत सुमारे पाच टक्के निकामी. असा दर वर्षी गुणाकार करत जायचं आणि वेगवेगळ्या मॉडेलांचे आलेख शेजारी ठेवायचे. यासाठी धडधाकट चालणाऱ्यांचीही नोंद हवी. त्रास असलेल्यांनीच भरलेल्या फॉर्ममध्ये छेदच नसतो. उत्तर नेहमी शंभर टक्के!

भारतात एएसआरच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. केंद्र सरकारच्या समितीने चौकशी केली तेव्हा त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नव्हता. प्रत्येक शस्त्रक्रियेची सक्तीची नोंद असती, तर ही वेळ आली नसती. भीतीच्या या बाजारात शरीरातला धातू ‘डिटॉक्स’ने धुऊन काढणारे काढेही विकले जातात. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

खुबा बदललेल्यांनी रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांची प्रत घ्यावी. इम्प्लांटच्या स्टिकरवर कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांक असतो. सांधा धातूवर धातूचा असेल, तर रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या तपासणीबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावं. दुखत नसलं तरीही.