स्थानिक डेटाबेस-जोडणीतील एरर

डेटाबेस सर्व्हर आणि त्याला विचारणा करणारा प्रोग्रॅम एकाच संगणकावर असूनही त्यांची गाठ न पडणे. मायएसक्यूएल (१९९५) हे डेटाबेस सॉफ्टवेअर किंवा त्यातून २००९ मध्ये फुटून निघालेला मारियाडीबी शिकणाऱ्याच्या वाट्याला हा प्रसंग हमखास येतो. मध्ये वायर नाही, राउटर नाही, तरी कनेक्ट होत नाही.

विनंती सर्व्हरपर्यंत पोचली का, हे आधी ठरवावे लागते. मायएसक्यूएलमध्ये २००२, २००३ असे दोन हजारांतले एरर-क्रमांक क्लायंट (विचारणा करणारा प्रोग्रॅम) स्वतः देतो. १०४५, १०४९ हे सर्व्हरकडून आलेले असतात. म्हणजे १०४५ ('ॲक्सेस डिनाइड') ही एका अर्थी चांगली बातमी : सर्व्हर चालू आहे, फक्त ओळख पटलेली नाही. १०४९ मध्ये ओळखही पटलेली असते, पण मागितलेल्या नावाचा डेटाबेस नसतो. उलट २००२ आल्यावर पासवर्ड बदलत बसणे फुकट, कारण तो अजून कुणी विचारलेलाच नाही.

सर्वाधिक घोळ 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हाच संगणक') या शब्दाचा. लिनक्स आणि मॅकवर मायएसक्यूएलचा क्लायंट हा शब्द दिसताच नेटवर्कचा मार्ग सोडतो आणि सॉकेट नावाच्या एका खास फाइलमधून सर्व्हरशी बोलतो. तिथे १२७.०.०.१ लिहिले, तर टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या मार्गाने, ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर (सर्व्हरच्या दारावर) जातो. माणसाच्या लेखी दोन्ही पत्ते एकच, क्लायंटच्या लेखी दोन वेगळ्या वाटा. म्हणून एक चालत नसेल तर दुसरा देऊन पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. विंडोजवर ही भानगड नाही. तिथे लोकलहोस्टही सहसा टीसीपीनेच जातो.

एररमधल्या कंसातला आकडा बहुतेक जण वाचत नाहीत, पण खरी माहिती तिथेच असते. लिनक्सवर २ म्हणजे सॉकेटची फाइलच नाही, १३ म्हणजे तिथवर जायची परवानगी नाही, १११ म्हणजे पलीकडे ऐकणारे कुणी नाही (मॅकवर ६१, विंडोजवर १००६१). पीएचपी (वेबसाइट लिहिण्याची भाषा) मात्र टीसीपीची जोडणी नाकारली गेली तरी २००२ च दाखवते. तिथे क्रमांकापेक्षा पुढचे शब्द वाचावेत.

फाइल नसण्याची कारणे दोन. सर्व्हर बंद असतो, किंवा तो सॉकेट एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि क्लायंट ती दुसरीकडे शोधतो. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सर्व्हरचा आणि क्लायंटचा विभाग वेगळा असल्याने एकीकडे केलेला बदल दुसरीकडे आपोआप पोचत नाही.

सर्व्हर बंद असेल तर तो पुन्हापुन्हा सुरू करण्याआधी त्याचा एरर लॉग (बिघाडांची नोंद) उघडावा. डिस्क भरलेली असते, डेटाच्या फोल्डरची मालकी बदललेली असते, कॉन्फिगरेशनमध्ये एखादे अक्षर चुकलेले असते. किंवा आधीच्या इन्स्टॉलेशनमधला दुसरा मायएसक्यूएल ३३०६ अडवून बसलेला असतो. झॅम्प (वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारा संच) वापरणाऱ्यांना हा शेवटचा अनुभव विशेष. अशा वेळी 'आयबीडेटा१ ही फाइल उडवा' असा सल्ला ऐकायला मिळतो. सर्व्हर त्याने कदाचित सुरू होईलही, पण मारियाडीबीमध्ये आणि मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये इनोडीबी (टेबले साठवण्याची नेहमीची पद्धत) टेबलांची नोंदवही त्या फाइलमध्ये असते. बॅकअप नसेल तर टेबले गेलीच समजावीत.

उबंटू या लिनक्सवर रूटला (डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याला) पासवर्ड बरोबर देऊनही १६९८ येतो. तिथे रूटची ओळख पासवर्डवरून नव्हे, तर संगणकावर लॉगिन केलेल्या वापरकर्त्यावरून पटवली जाते. 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने चालवण्याची आज्ञा) लावून क्लायंट चालवला की दार उघडते. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये (पोर्ट ५४३२) 'पिअर' ही पद्धत याच जातीची.

प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरमध्ये 'स्थानिक' या शब्दाचाच अर्थ बदलतो. कंटेनरच्या आतून १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः, बाहेरचा संगणक नव्हे. कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवण्याच्या डॉकरच्या साधनात) डेटाबेस शेजारच्या कंटेनरमध्ये असेल, तर पत्त्याच्या जागी त्या सर्व्हिसचे नाव द्यावे लागते. बाहेरच्या संगणकावरून आतल्या मायएसक्यूएलला गाठायचे असेल तर पोर्ट उघडलेले हवे, आणि पत्ता लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ लिहावा, नाहीतर क्लायंट बाहेरच्या संगणकावर सॉकेटची फाइल शोधत बसतो, आणि ती असते कंटेनरच्या आत.