क्रिप्टोजॅकिंग आणि ब्राउझर एक्स्टेन्शन

क्रिप्टोजॅकिंग : दुसऱ्याच्या संगणकाची ताकद आणि वीज त्याला न विचारता वापरून आभासी चलन कमावण्याचा प्रकार. यात फायली कुलूपबंद होत नाहीत, पडद्यावर खंडणीची धमकी येत नाही, बँकेतला पैसाही हलत नाही. प्रोसेसर मात्र दिवसभर गणिते सोडवत राहतो आणि त्याचा मोबदला भलत्याच कुणाच्या वॉलेटमध्ये जमा होतो. गणिते सोडवून चलन कमावण्याच्या या कामाला मायनिंग आणि ते करणाऱ्या प्रोग्रामला मायनर म्हणतात. असे हजारो संगणक एकाच सूत्रधाराच्या ताब्यात आले की त्या जाळ्याला मायनिंग बॉटनेट म्हणतात. मायनरला संगणकात शिरायला वाटा बऱ्याच आहेत. त्यांतली ब्राउझर एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पुरवणी-प्रोग्रामची वाट येथे विस्ताराने घेतली आहे, कारण मुंबईत संगणक बिघडला की फॉरमॅटचा जो इलाज हमखास केला जातो, तो नेमका या वाटेवर लागू पडत नाही.

या धंद्याचे लाडके चलन मोनेरो. बिटकॉइनचे मायनिंग केव्हाच खास त्याच कामासाठी बनवलेल्या यंत्रांकडे गेले; साध्या पीसीवर ते करून हाती काही लागत नाही. एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालेल्या मोनेरोची रचना मात्र साध्या प्रोसेसरलाही वाव राहावा अशीच केलेली आहे. त्यासाठी त्याच्या गणितांना मुद्दाम भरपूर मेमरी लागेल असे केले आहे; ती साध्या पीसीत असतेच, खास यंत्रांत पुरवणे महाग पडते. आधीच्या क्रिप्टोनाइट या गणितपद्धतीत प्रोसेसरवर एका वेळी चालणाऱ्या प्रत्येक थ्रेडला (कामाच्या धाग्याला) सुमारे २ एमबी वेगवान मेमरी लागे. ३० नोव्हेंबर २०१९ पासून आलेल्या रँडमएक्स या पद्धतीला पूर्ण वेगासाठी २ जीबीहून अधिक रॅम लागते. शिवाय पाठवणारा, घेणारा आणि रक्कम या तिन्ही गोष्टी मोनेरोच्या खातेवहीत झाकलेल्या असतात. कमाई करणाऱ्याचा माग काढणे त्यामुळे जिकिरीचे होते.

ब्राउझरमधल्या मायनिंगला धंद्याचे रूप दिले ते सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या कॉइनहाइव्ह या सेवेने. संकेतस्थळाच्या मालकाने जावास्क्रिप्टच्या चार ओळी पानात टाकायच्या, वाचक पान वाचत असेपर्यंत त्याच्या प्रोसेसरवर मोनेरोचे मायनिंग चालवायचे आणि कमाईतला ३० टक्के वाटा कॉइनहाइव्हला द्यायचा, असा व्यवहार होता. जाहिरातींना पर्याय म्हणून कल्पना वाईट नव्हती. वाचकाला विचारायचे तेवढे राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्राउझअलाउड या मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनात कुणीतरी हा कोड घुसवला आणि ते साधन वापरणारी ४,००० हून अधिक संकेतस्थळे एकाच दिवशी मायनिंग करू लागली. त्यांत नागरिकांच्या माहितीचे रक्षण करणाऱ्या ब्रिटिश कार्यालयाचे संकेतस्थळही होते. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंध्र प्रदेशातील नगरपालिकांच्या संकेतस्थळांवर असा कोड सापडला. पुढे मोनेरोचा भाव वर्षभरात ८५ टक्क्यांहून अधिक घसरला, चलनाच्या नियमांतील बदलामुळे उत्पन्नही घटले आणि ८ मार्च २०१९ रोजी कॉइनहाइव्हने दुकान बंद केले.

पानातल्या मायनरची एक मर्यादा होती : टॅब बंद केला की तो थांबे. एक्स्टेन्शनमध्ये बसवलेला मायनर ब्राउझर उघडा असेपर्यंत चालतो, मग समोर कोणतेही पान असो. कॉइनहाइव्ह आल्याच्या महिन्यातच सुमारे १,४०,००० वापरकर्त्यांच्या सेफब्राउझ या क्रोम एक्स्टेन्शनमध्ये हा कोड आढळला. डिसेंबर २०१७ मध्ये लाखभर वापरकर्त्यांच्या आर्काइव्ह पोस्टरची तीच गत झाली. गूगलने २ एप्रिल २०१८ पासून मायनिंग करणारी नवी एक्स्टेन्शन क्रोमच्या दुकानात घेणे बंद केले. तोवर उघडपणे मायनिंगसाठीच बनवलेल्या एक्स्टेन्शनना मुभा होती, पण मायनिंगचा कोड घेऊन येणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के एक्स्टेन्शन ती अट पाळत नव्हती, असे कंपनीनेच सांगितले. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ च्या ६९ व्या आवृत्तीपासून ज्ञात मायनर आपसूक अडवायला सुरुवात केली.

येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. एक्स्टेन्शन टाकताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगीची खिडकी येते आणि जागरूक माणूस ती वाचतोही. पण मायनिंगला त्या परवानगीची गरजच नसते. प्रोसेसर वापरणे हा कुठल्याही कोडचा मूलभूत हक्क मानला गेला आहे, तो स्वतंत्रपणे मागावा लागत नाही. म्हणजे परवानग्यांच्या बाबतीत अगदी निष्पाप दिसणारे, पानाचा रंग बदलणारे एक्स्टेन्शनही मायनर असू शकते.

दुसरी अडचण मालकीची. चांगले चाललेले मोफत एक्स्टेन्शन बनवणारा एखादा एकटा प्रोग्रामर असतो; कुणीतरी त्याला रक्कम देऊ करते आणि भाडेकरूंसकट इमारत विकावी तसे एक्स्टेन्शन वापरकर्त्यांसकट विकले जाते. नवा मालक पुढच्या अपडेटमध्ये हवा तो कोड घालतो आणि तो अपडेट कुणालाही न विचारता सर्वांकडे पोहोचतो. रिकामे टॅब झोपवून मेमरी वाचवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ २०२० मध्ये असेच हस्तांतरित झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. त्यात मायनर नव्हता, पण रस्ता हाच. चार-पाच वर्षे बिनतक्रार वापरले म्हणून एक्स्टेन्शन भरवशाचे, या समजाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

एक्स्टेन्शनसाठीच्या मॅनिफेस्ट व्ही-३ या नव्या नियमावलीत बाहेरून कोड आणून चालवण्यावर बंदी आहे आणि पार्श्वभूमीतला कोड काम नसेल तर साधारण ३० सेकंदांत थांबवला जातो. एक्स्टेन्शनमधून मायनिंग करणे त्यामुळे कठीण झाले आहे. एक्स्टेन्शन ताब्यात घेण्याचा धंदा मात्र बंद पडला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीचेच एक्स्टेन्शन फसव्या ईमेलच्या साहाय्याने बळकावून त्यातून वापरकर्त्यांची लॉगिन सत्रे चोरण्यात आली.

मायनिंगचा मोठा मामला आज ब्राउझरबाहेर, थेट विंडोजवर चालतो. ‘एटर्नलब्लू’ हे हल्ल्याचे साधन ज्यातून शिरते त्या विंडोजमधील छिद्रावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्याकडे मे महिन्यात फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला, आणि त्याच्याही आधी, गाजावाजा न करता, अ‍ॅडिलकझ हा मायनर येऊन बसला होता. तो आत शिरल्यावर ते दार स्वतःच बंद करून घेई, दुसरा कुणी येऊ नये म्हणून. त्यामुळे काही संगणक वॉनाक्रायपासून वाचलेही! स्मॉमिनरू या बॉटनेटने जानेवारी २०१८ पर्यंत ५,२६,००० विंडोज संगणक पकडले होते आणि सर्वाधिक बाधित देशांत रशिया व तैवानबरोबर भारत होता. हेच छिद्र वापरणाऱ्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले, ती बातमी झाली. मायनर कुठलेच काम ठप्प करत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

मुंबईत या दोन्ही वाटा एकत्र येतात त्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात. वडाळ्याच्या आरटीओबाहेर, फोर्टात कोर्टाच्या आसपास, कॉलेजांच्या गल्लीत अशी दुकाने दाटीवाटीने आहेत. सकाळी ९ ला सुरू झालेला पीसी रात्रीच बंद होतो. गिऱ्हाईक घाईत असते : पीडीएफची साइज कमी करून द्या, फोटोची पार्श्वभूमी पांढरी करा, जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये करा. प्रत्येक मागणीला कुठले तरी मोफत एक्स्टेन्शन सापडते आणि ते कायमचे राहते. विंडोज बहुधा अ‍ॅक्टिव्हेटरने, म्हणजे परवाना विकत न घेता ते चालू करून देणाऱ्या प्रोग्रामने, चालू केलेले असते, आणि अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेलेच असते. अपडेट बंद ठेवले जातात, कारण अपडेटनंतर ‘तुमची प्रत अस्सल नाही’ अशी सूचना येते.

नुकसान मोजायचे तर विजेत मोजावे. साधा डेस्कटॉप रिकामा असताना ३० ते ४० वॉट घेतो. प्रोसेसर पूर्ण भाराने चालला की १०० च्या आसपास. ६० वॉटचा फरक, दिवसाचे १२ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १९ युनिट होतात. व्यापारी दराच्या बिलात, जिथे एसी आणि झेरॉक्स मशीन आधीच आहेत, तिथे १९ युनिट कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. तक्रार येते ती वेगळीच : पीसी हँग होतो, पंखा घोंघावतो, मे महिन्यात दुपारी मशीन आपोआप बंद पडते. मग थर्मल पेस्ट बदलली जाते, रॅम वाढवली जाते आणि शेवटी लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, एखाद्या दुकानात मशीन नेऊन ‘फॉरमॅट मारला’ जातो.

विंडोजवरच्या मायनरला फॉरमॅट पुरतो, पण त्याच पेनड्राइव्हमधून तोच अ‍ॅक्टिव्हेटर पुन्हा टाकला नाही तरच. एक्स्टेन्शनला पुरत नाही. क्रोममध्ये सिंक (एका खात्याची सगळी यंत्रे एकसारखी ठेवणारी सोय) चालू असेल तर एक्स्टेन्शनची यादी गूगल खात्यात साठलेली असते. विंडोज नव्याने टाकले, क्रोम बसवले, दुकानदाराने जुन्याच खात्यातून लॉगिन केले की जुने एक्स्टेन्शन मुकाट परत येते. दुकानातले खाते घरच्या लॅपटॉपवरही असेल तर तिथेही. एखाद्या गिऱ्हाइकाने प्रिंटसाठी स्वतःचे मेल उघडले आणि गडबडीत सिंक चालू करण्यास होकार दिला, तर त्याची एक्स्टेन्शन दुकानात उतरतात. म्हणून सफाई खात्यापासून सुरू करावी लागते. संशयित एक्स्टेन्शन सिंक चालू असतानाच काढावे, म्हणजे ते इतर यंत्रांवरूनही जाते. सिंक बंद करून काढले तर खात्यातली नोंद तशीच राहते.

शोधायचे कसे? क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन किती सीपीयू खाते ते वेगवेगळे दिसते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सगळे क्रोमच्या नावावर जमा होते. काम चालू नसताना एखादे एक्स्टेन्शन सतत वरच्या ओळीत असेल तर उत्तर मिळाले. विंडोजवरचे मायनर याहून चलाख. त्यांतले काही टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात, त्यामुळे पाहायला गेले की सगळे आलबेल! टास्क शेड्युलरमधील अनोळखी नोंदी आणि विंडोज डिफेंडरच्या ‘वगळलेली ठिकाणे’ या यादीत आपण न घातलेले फोल्डर, या दोन जागा आधी पाहाव्यात.

‘काढा’ हे बटणच चालत नसेल आणि मेनूच्या तळाशी ‘तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते’ असे लिहिलेले असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, क्रोमसाठी धोरण लिहिलेले असते. कंपनीच्या लॅपटॉपवर हे रास्तच आहे. एकट्या दुकानाच्या पीसीवर ते दिसले तर कुणीतरी एक्स्टेन्शन सक्तीने बसवले असण्याची शक्यता धरावी. रजिस्ट्रीच्या पॉलिसीज विभागातली ती सक्तीची यादी पुसल्याखेरीज एक्स्टेन्शन हटत नाही. क्रोममध्ये पूर्वी असलेले सफाईचे साधन मार्च २०२३ मध्ये काढून टाकण्यात आले, तेव्हा जुन्या व्हिडिओंतला तो सल्ला आता निरुपयोगी आहे.

सरकारी मदत आहे, तिचा गवगवा नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाले. बॉटनेटमध्ये सापडलेल्या संगणकांचे आयपी पत्ते इंटरनेट कंपन्यांना कळवणे आणि सफाईची साधने मोफत देणे हे त्याचे काम. ही साधने पुरवणाऱ्यांत पुण्याची क्विक हील आणि मुंबईची ई-स्कॅन या कंपन्या आहेत. क्विक हीलचे कैलाश काटकर यांनी सुरुवात संगणक दुरुस्तीच्या छोट्या धंद्यापासून केली होती, आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांचा पहिला अँटिव्हायरस दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांवरच्या व्हायरससाठी होता. केंद्राच्या साधनांतले जेएसगार्ड हे स्वतः एक ब्राउझर एक्स्टेन्शन आहे.

भारतात मायनिंग करणे गुन्हा नाही. विनापरवाना दुसऱ्याच्या यंत्रावर करणे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली असा कोड घुसवणाऱ्याकडून भरपाई मागता येते आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. १९३० ही हेल्पलाइन प्रामुख्याने पैसे लुबाडले गेल्यास उपयोगाची. मायनिंगची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा आपल्या विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात द्यावी लागते. तिथे पहिला प्रश्न पुराव्याचा येतो आणि पुरावा बहुतेक वेळा आदल्या दिवशीच फॉरमॅटमध्ये गेलेला असतो. तेव्हा मशीन दुरुस्तीला देण्यापूर्वी एक्स्टेन्शनच्या पानावरील ३२ अक्षरी ओळखक्रमांक, त्याची आवृत्ती आणि क्रोमच्या टास्क मॅनेजरचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. एक्स्टेन्शनचे नाव बदलता येते, हा क्रमांक बदलत नाही.